मीटरवर लाइट लागली, आता काय?

मागच्या अंकात शेवटी सहज लिहिलं होतं की डॅशबोर्डवरच्या लाइटबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि प्रश्नांचा ढीगच पडलाय. निम्म्या लोकांनी नुसता फोटो पाठवलाय आणि खाली एक ओळ, "काका, हे काय आहे?" अहो फोटोत लाइट दिसते, पण मला जे हवं असतं ते दिसत नाही ना. कधी लागली, चालत्या गाडीत की सेल्फ मारल्या मारल्या, स्थिर होती की लुकलुकत होती, सोबत अजून कुठली लागली का आणि त्याच्या आदल्या दिवशी गाडीला कुणी हात लावला होता का. एवढं लिहिलंत तर अर्धा निकाल बसल्या जागी लागतो. रंगांचं बहुतेकांना माहीत असतं, लाल म्हणजे आत्ता थांबा, पिवळी म्हणजे लवकर दाखवा, हिरवी-निळी म्हणजे नुसतं कळवतेय. चिन्हंसुद्धा जगभर जवळपास सारखीच असतात, त्यासाठी आयएसओ २५७५ नावाचं स्टँडर्डच आहे, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सगळी छापलेली असतात. त्यामुळे ओळखपरेड मी घेत नाही, ओळखल्यावर पुढचं बोलू.

प्रश्न : वळणावर किंवा जोरात ब्रेक मारला की ती तेलाच्या किटलीची लाल लाइट क्षणभर लागते आणि जाते. सरळ रस्त्यावर काही नाही, गाडी मस्त पळते. सर्व्हिसिंगला अजून दोन महिने आहेत, तोपर्यंत चालेल का? (किटलीवाला)

नाही चालणार, आणि दोन महिने सोडा, हे वाचून झालं की आधी बॉनेट उघडा.

किटली बघून सगळ्यांना वाटतं की ऑइल संपत आलं की ही लागते, म्हणजे पेट्रोलच्या काट्यासारखं काहीतरी. तसं नाहीये. ही लाइट लेव्हल सांगत नाही, प्रेशर सांगते. इंजिनच्या अंगाला एक छोटा स्विच असतो, ऑइलचं प्रेशर अगदी खाली, साधारण अर्ध्या बारच्या आत आलं की तो लाइट लावतो. इंजिनमध्ये क्रँक, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केसाहून पातळ थर असतो आणि तो थर टिकतो पंपाने सतत रेटलेल्या ऑइलमुळे, रेटा गेला की धातूवर धातू घासायला लागतो आणि मग इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही.

तुमच्या गाडीत बहुतेक असं होतंय की खालच्या सम्पमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, ऑइल कमी झालंय. सरळ जाताना पंपाची जाळी ऑइलात बुडलेली असते, वळलात की ऑइल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि किटली लागते. बादलीत थोडंच पाणी उरलं की बादली तिरकी केल्यावर तांब्या रिकामा येतो ना, तस्संच. म्हणजे प्रत्येक वळणावर एक-दोन सेकंद तुमचं इंजिन कोरडं चालतंय.

गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि परत काढा, दुसऱ्यांदा काढलेलीच खरी. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचं असतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल थोडं थोडं घाला, मध्ये मध्ये बघत, आणि वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका, कारण जास्त झालं तर क्रँक त्यात घुसळते आणि फेस होतो, आणि फेस काही बेअरिंगला वाचवत नाही.

लेव्हल बरोबर असूनही लाइट लागत असेल, किंवा गरम इंजिन आयडलिंगला असताना मिणमिणत असेल, तर मेकॅनिकला स्विचच्या जागी प्रेशर गेज लावून बघायला सांगा. नुसता स्विच बदलून "बघू काय होतं" असं कुणी म्हणालं तर आधी गेज लाव म्हणावं. आणि चालता चालता ही लाइट लागून तशीच राहिली तर बाजूला घेऊन इंजिन बंद, पुढच्या पंपापर्यंत न्यावी, घरापर्यंत न्यावी असलं काही नाही. लाल लाइटींमध्ये सगळ्यात कमी वेळ हीच देते.

प्रश्न : घाटात टेम्परेचरचा काटा लालपर्यंत गेला, लाइट पण लागली. मी थांबणारच होतो तर काटा आपोआप खाली, एकदम थंडवर आला. बरं झालं म्हणून पुढे गेलो, पाच-सात मिनिटांत गाडी बंद. मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) गेलं. काटा थंड दाखवत असताना इंजिन गरम कसं? (फसलेला)

वाईट वाटलं वाचून, पण हा प्रश्न पाठवलात ते फार बरं केलंत.

तो काटा इंजिनचं तापमान मोजत नाही, सेन्सरच्या टोकाला जे लागतंय त्याचं मोजतो. टोक कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, बुडालेलं असलं तर काटा खरं बोलतो. तुमच्या गाडीत कुठून तरी कूलंट बाहेर गेलं, होज फुटला असेल, काही असेल, आणि सेन्सर हवेत लटकला. हवेने त्याला तेवढी धग पोचत नाही, म्हणून काटा पडला. म्हणजे काटा खाली आला तेव्हाच कूलंट संपलेलं होतं आणि तुम्ही सुटकेचा श्वास सोडला. वर गेलेला काटा हळूहळू, नेहमीच्या जागी आला तर ठीक, एकदम थंडवर पडला तर ती धोक्याची खूण धरा.

गाडी तापत चाललीय आणि लगेच थांबायला जागा नाही, अशा वेळी एसी बंद करा आणि हीटर फुल करा, ब्लोअरसकट. उन्हाळ्यात अंगाची काहिली होईल पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता तो ओढून घेतो, तेवढ्यात जागा गाठायची. थांबल्यावर इंजिन बंद. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, अर्धा तास तरी नाही. पाणी १०० अंशाला उकळतं ते उघड्या भांड्यात, इथे बंद सिस्टिममध्ये साधारण एक बार जादा प्रेशर असतं म्हणून १२० अंशांपर्यंत ते न उकळता गप्प बसतं. झाकण फिरवलं की प्रेशर गेलं, आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर. माझ्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत जो डाग आहे तो असाच आलेला, विशीतला. फडकं धरून उघडलं होतं हो मी, फडक्याने काही होत नाही.

गरम इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आणि निळा थर्मामीटर दिसला तर तो वेगळा, इंजिन अजून गार आहे एवढंच सांगतो, थोडं चाललं की जातो.

प्रश्न : पिवळी इंजिनची लाइट. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून घालवली, चार दिवसांनी परत. परत घालवली, परत आली. त्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला तरी परत. आता तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलूया म्हणतो. बदलू का? (वैतागलेली)

थांबा ताई, अजून काही बदलू नका.

ही लाइट सगळ्यात जास्त बदनाम आहे कारण हिच्या मागे शेकडो कारणं असू शकतात. ओबीडी-टू नावाची सिस्टिम असते, अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ती सक्तीची झाली आणि मग बाकीकडे पसरली. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं तिथे स्कॅनर लागतो आणि कोड मिळतो. आता गंमत अशी की कोड हा आजाराचं नाव नसतो, तो लक्षण असतो. समजा पी०१७१ आला. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सरने ते पकडलं, म्हणजे सेन्सर बिचारा काम करतोय. आणि आपले लोक काय करतात, बातमी आणणाऱ्यालाच बदलतात. खरं कारण कुठेतरी चिरलेला व्हॅक्युमचा पाइप, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर, गाडीतलाच कमी पडणारा पेट्रोलचा पंप, यातलं काहीही असू शकतं. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा; त्याचा कोड पी०४२०, तोसुद्धा कधी कधी सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या आसपास लीक असला तरी येतो. एवढी महागाची वस्तू बदलायच्या आधी लीक तपासून घ्यायलाच हवं.

दुसरं, कोड पुसला की लाइट जाते पण त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते. लाइट लागली त्या क्षणी स्पीड किती होता, आरपीएम किती, इंजिन किती गरम होतं, हे सगळं त्या फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेलं असतं. तुमच्या गॅरेजवाल्याने तीनदा पुरावा धुऊन काढला. पुढच्या वेळी कोड आणि ती माहिती दोन्ही आधी कागदावर लिहून घ्या, मग काय पुसायचं ते पुसा. दोष खरंच गेला असेल तर लाइट सहसा सलग तीन फेऱ्या नीट झाल्या की आपोआप विझते, पुसायची घाईच नसते.

बाकी वाचकांसाठी, ही लाइट लागली की आधी पेट्रोलचं झाकण बघा. नीट घट्ट नसलं तर टाकीतली वाफ निसटते आणि काही गाड्यांमध्ये तेवढ्यावरून लाइट लागते. क्लिक होईपर्यंत फिरवा, दोन-चार दिवस चालवा.

आणि एक महत्त्वाचं, स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर जपून गॅरेजपर्यंत नेता येते, पण लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा इंजिन जोरात मिसिंग मारत असतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. कोड पी०३०१ निघाला तर पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, ०३०२ तर दुसऱ्याचं, असं ते चालतं. मेकॅनिक पहिल्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) काढून दुसऱ्याला लावून बघतो, कोड कॉइलबरोबर सरकला की कॉइल खराब, नाही सरकला तर प्लग नाहीतर इंजेक्टर. असं करणारा मेकॅनिक मिळाला तर सोडू नका त्याला.

प्रश्न : एबीएसची पिवळी लाइट लागून राहिलीय, ब्रेक तर लागतायत. आणि मध्ये मध्ये लाल ब्रेकची पण लागते, हँडब्रेक पूर्ण खाली असतो. एक मित्र म्हणाला ब्रेक ऑइल टॉप अप कर, जाईल.

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम. एकटी तिची लाइट असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त ओल्या रस्त्यावर कचकन दाबलात तर चाकं लॉक होऊ शकतात. बरेचदा चाकाजवळच्या स्पीड सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा त्याची वायर घासलेली असते.

पण तुमच्याकडे लाल पण लागतेय, ते मला आवडलेलं नाही. पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देण्याचं कामही बऱ्याच गाड्यांत एबीएसचं युनिटच करतं, दोन्ही एकत्र लागल्या तर ते वाटप पण बंद असू शकतं आणि मग मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते. त्यामुळे दाखवेपर्यंत चालवू नका, टो करून न्या.

मित्राचं अर्धं बरोबर. ऑइल कमी झालं की लाल लाइट लागते हे खरं, पण ब्रेक ऑइल काही पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते खाली गेलं म्हणजे एक तर ब्रेक पॅड झिजलेत, पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि ऑइल तिथे भरतं, नाहीतर कुठेतरी गळतंय. नुसतं टॉप अप केलंत तर लाइट जाईल आणि झिजलेले पॅड तसेच राहतील. चारी चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसतेय का बघा, आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं का तेही. बसत असेल तर टो करून नेणाऱ्याला तसं सांगा.

प्रश्न : रविवारी स्वतः गाडी आतून साफ केली, सीट मागे-पुढे करून व्हॅक्युम मारला. सोमवारपासून एअरबॅगची लाल लाइट. हात लावून काय बिघडणार होतं? (हौशी)

बघा, "रविवारी साफ केली" हे तुम्ही लिहिलंत म्हणून उत्तर एका ओळीत सापडलं. पुढच्या सीटखाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारा, एक-दोन पिवळे कपलर दिसतील. एअरबॅगच्या वायरिंगला पिवळा रंग मुद्दाम ठेवतात, म्हणजे मेकॅनिकने ओळखून सांभाळून हात लावावा. सीट सरकवताना किंवा व्हॅक्युमचा नळा अडकून त्यातला एखादा ढिला झालाय, हीच शक्यता मोठी.

आता तुम्ही म्हणाल दाबून बसवतो. नको. त्या कपलरच्या पलीकडे स्फोटक भरलेला इन्फ्लेटर असतो. मेकॅनिकसुद्धा आधी बॅटरीची वायर काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबतो, कारण बॅटरी काढल्यावरही कंट्रोलरमध्ये थोडा करंट साठलेला राहतो. आणि कपलर बसवला तरी लाइट बऱ्याचदा आपोआप जात नाही, स्कॅनरने घालवावी लागते. तोपर्यंत असं धरून चाला की धडक झाली तर एअरबॅग उघडणार नाही.

प्रश्न : रात्री हायवेला बॅटरीची लाल लाइट लागली. बॅटरी तर चार महिन्यांपूर्वीची नवी! घर ४० किलोमीटर, जाऊ की नको असं झालं.

बॅटरी नवीच आहे आणि चांगलीच आहे. ही लाइट चार्जिंगची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देतो, त्यावर गाडी चालते आणि बॅटरी भरते. तो थांबला की गाडी बॅटरीवर चालायला लागते, आणि हिशोब सोपा आहे : ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, रात्री हेडलाइट धरून ३० अँपिअर ओढ, कागदावर दीड तास. प्रत्यक्षात व्होल्टेज त्याच्या कितीतरी आधी पडतं, म्हणून मी अर्ध्या तासाचाच भरवसा धरतो. एसी, गाणी, मोबाइल चार्जर, मागची काच तापवायची जाळी सगळं बंद. हेडलाइट मात्र बंद करायचे नाहीत, बॅटरी वाचवायला अंधारात गाडी चालवणारे पाहिलेत मी. आणि मध्ये इंजिन बंद करू नका, परत सेल्फ लागेलच असं नाही.

पण निघायच्या आधी दोन गोष्टी बघा, टेम्परेचरचा काटा आणि स्टीअरिंग. काही गाड्यांमध्ये एकच बेल्ट अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पॉवर स्टीअरिंग तिन्ही फिरवतो. काटा चढतोय किंवा स्टीअरिंग जड झालंय म्हणजे बेल्टच तुटला, मग ४० काय ४ किलोमीटरसुद्धा नाही.

प्रश्न : (तीन वेगवेगळ्या पत्रांतले एकत्र) थंडीत पहाटे टायरची लाइट लागते आणि दुपारी जाते; पावसात घसरत्या गाडीचं चिन्ह लुकलुकतं; डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं पिवळं काहीतरी येतं.

टायर : तापमान ५-६ अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआयने उतरते, आधीच काठावर असलेली हवा पहाटे रेषेखाली जाते आणि टायर तापला की वर येते. दाराच्या कडेला स्टिकर असतो त्यातला आकडा बघून गार टायरमध्ये भरा, टायरवर कोरलेला आकडा नको, तो जास्तीत जास्तचा असतो. सेल्फ मारल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर हवेचा संबंध नाही, चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपत आलेली असू शकते. घसरती गाडी : लुकलुकतेय म्हणजे सिस्टिम काम करतेय, तुम्ही जरा हळू जा. स्प्रिंग : ग्लो प्लग, म्हणजे गार डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून ऊब देणारे प्लग, तापतायत, विझली की सेल्फ मारा. चालत्या गाडीत लुकलुकली तर मात्र दाखवून घ्या.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायला बघतोय. मीटर एकदम स्वच्छ, एकही लाइट नाही. अजून काय बघू?

एकही लाइट नाही हेच आधी बघा! चावी ऑनला फिरवा पण सेल्फ मारू नका. सगळ्या महत्त्वाच्या लाइट लागल्या पाहिजेत, किटली, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग. एक एक मोजा, मॅन्युअलचं पान समोर धरून. जी लागतच नाही तिचा बल्ब गेलाय, किंवा कुणीतरी काढलाय, किंवा वरून काळी पट्टी चिकटवलीय. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मीटर उघडल्यावर एअरबॅगच्या चिन्हाच्या मागे नेलपॉलिश लावलेलं सापडलं होतं, चांगलं दोन हात मारलेलं.

त्याहून हुशार मंडळी काय करतात, एअरबॅगची लाइट किटलीच्या वायरीला जोडून टाकतात, म्हणजे चावी फिरवली की लागते, इंजिन चालू झालं की विझते, घेणारा खूश. हे पकडायला चावी ऑनला ठेवून तसेच बसा, दहा-पंधरा सेकंद. किटली आणि बॅटरीची लागूनच राहणार, कारण इंजिन बंद असताना प्रेशरही नसतं आणि चार्जिंगही नसतं, त्या खरंच बोलतायत. एअरबॅग आणि एबीएस मात्र स्वतःची तपासणी करून काही सेकंदांत आपापल्या विझायला हव्यात, इंजिन चालू न करता. मग सेल्फ मारा. एअरबॅगची लाइट किटलीसोबत, त्याच क्षणी विझली तर चावी मालकाच्या हातात द्या आणि दुसरी गाडी बघा.